खापरावरचा मांडा आणि माझा साबण

पुणे सोडताना माझ्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा साबण जास्त होता. कॉस्टिक सोडा आणि करडईचं तेल घालून तो मी स्वतः शिजवला होता. सोबत पत्रकांचा गठ्ठा, लेखक अर्थातच मी. स्वराज्य आलं, आता खेड्यांनी स्वच्छ व्हायचं आणि तेही साबणाच्या परदेशी वडीवाचून, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

जळगावला उतरलो तर फलाट तव्यासारखा तापलेला. तिथून एस.टी.नं एरंडोलच्या पुढचं मित्राचं गाव गाठलं. त्याच्या आईला सगळे अक्का म्हणत. तिनं कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा वाढला. आखाजी (अक्षय तृतीया) दहा दिवसांवर होती. त्या दिवशी अक्का पुरण भरलेली कणीक मनगटांवरून कोपरापर्यंत झुलवत मांडा मोठा करी आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकी. आळीतल्या सगळ्या पितरांना नैवेद्य तिच्याच हातचा.

"मग कोपरापर्यंत साबण लावून धूत जा, अक्का," मी वडी देत म्हणालो.

तिसऱ्या दिवशी तिचे हात लाल झाले, पुरळ उठलं, खाज सुटली. माझ्या अंगठीखालीही चुणचुणत होतं, पण त्याचा दोष मी विहिरीच्या पाण्याला दिला. अक्काला पत्रक वाचून दाखवलं: खाज म्हणजे मळ, साबण दुप्पट लावावा.

मित्राचे वडील नाना विडी विझवत म्हणाले, "भाऊ, तुन्हा साबन मळ काढस का कातडी?"

मी त्यांना पुराणमतवादी ठरवलं आणि भाषणांसाठी धुळ्याला निघालो.

उरलेल्या वड्या पहिल्याच सभेत वाटून टाकल्या. स्वतःला मात्र बेसनानं अंघोळ करावी लागली. पाचव्या दिवशी, आरोग्यावर बोलून मंचावरून उतरलो, तेव्हा एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझा हात धरला.

"हे काय?"

"होतं थोडं. आता बरं आहे."

"साबण कधी सोडलात?"

"पहिल्या सभेत वड्या संपल्या तेव्हा," मी अंगठी फिरवत म्हणालो.

"अंगठीखाली साबण अडकतो, धुतला जात नाही. पुरळ तिथेच होतं ना? साबण लावला की वाढतं, सोडला की उतरतं, मग चोर कोण? तुमचा सोडा जास्त झालाय. साबण बंद करा, साध्या पाण्यानं धुवा, खोबरेल लावा, खाजवू नका. पुढे कुठलाही नवा साबण आधी कोपराच्या आत बोटभर जागी लावून दोन दिवस वाट बघा. भाषण त्यानंतर."

सकाळची पहिली एस.टी. पकडली. आखाजी दोन दिवसांवर होती.

अक्का ओट्यावर हात पुढे धरून बसली होती. कातडी भेगाळली होती.

"साबण सोडला नाहीस?" मी विचारलं.

"तू शिकेल मानूस शे. तू सांगं, मी दोनदा लावं." (तू सांगितलंस, मी दोनदा लावला.) मग हळूच, "आते आखाजीले मांडा कोन करी?"

ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. चूक माझी, असं मी म्हणालो. हे वाक्य माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं. नाना म्हणाले, "आते यानं भाशन चांगलं व्हई." (आता याचं भाषण चांगलं होईल.)

दोन दिवस साधं पाणी आणि खोबरेल. खाज थांबली, लाली उतरली, भेगा मात्र राहिल्या. आखाजीला शेजारीण मांडे करायला बसली आणि अक्का पाटावरून तिला बोलत राहिली, "फडकं वाळत घालस का तू?" पण पहिला गोळा तिनं स्वतः उचलला. "पितरसना एक मांडा मीच करसू." तो कोपरापर्यंत गेला नाही. मनगटावरच, ओठ चावून, तिनं तो जेमतेम पुरीएवढा फिरवला आणि खापरावर टाकला. त्या वर्षी आळीतल्या सगळ्या पितरांनी तेवढ्यात भागवलं.

परतीच्या गाडीत अक्कानं दिलेली शिदोरी सोडली. शेजारणीचा मांडा माझ्याच पत्रकात बांधला होता. तुपानं कागद पारदर्शक झाला होता, तरी 'साबण दुप्पट लावावा' ही ओळ स्पष्ट दिसत होती. मी आधी पेन्सिल काढून ती खोडली. मग हात नुसत्या पाण्यानं धुतले आणि मांडा खाल्ला.