काटेबाई आणि उडालेलं पाणी

काटेबाई हे काही तिचं आडनाव नव्हतं. शेती संशोधन केंद्रावर ती रोज सकाळी सातच्या ठोक्याला वजनकाट्यासमोर बसायची, म्हणून थोरल्या साहेबांनी ते नाव पाडलं आणि ते चिकटलं. तिचा नवरा त्याच केंद्रावर पंप दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "नाव बरोबर आहे. जवळ गेलं की टोचतंच." ती हसायची नाही, पण चिडायचीही नाही.

ती आली होती खुरपणीला. एके दिवशी थोरले साहेब व्हरांड्यात बसून खताच्या पुड्या तोलत होते, तेव्हा खुरपं हातात घेऊन ही शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, काटा आठ ग्रॅम जास्त दाखवतोय. आधी रिकामा बघा." साहेबांनी पाहिलं. आठच ग्रॅम. तिच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं आणि लहानपणी तिचा हात गल्ल्यापर्यंत पोचायच्या आधी तागडीपर्यंत पोचला होता. पारडं पुसल्याशिवाय वडील माप टाकू देत नसत. दहावीनंतर शाळा सुटली, दुकानही पुढे बंद पडलं, पण ती सवय अंगात मुरलेली राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिचं खुरपं सुटलं आणि डबे हातात आले.

डबे म्हणजे पाइपचे तुकडे, पंधरा सेंटिमीटर रुंद आणि वीतभर उंच. शेताला पाणी दिलं की त्यातलं काही पीक पितं, काही खोल मुरतं आणि काही मातीच्या अंगावरून नुसतं उडून जातं. ते उडतं किती, हे काढायचं होतं. त्यासाठी पाणी दिल्यावर वाफसा आला, म्हणजे जादा पाणी मुरून माती खणण्याजोगी झाली, की डबा मातीत ठोकायचा, मातीसकट उपसून काढायचा, खालून बूच लावायचं, वजन करायचं आणि पुन्हा त्याच खड्ड्यात जमिनीशी बरोबर सपाट बसवायचा. दुसऱ्या सकाळी परत वजन. साधारण अठरा ग्रॅम घटले तर एक मिलिमीटर पाणी उडालं. असे सोळा डबे होते, प्रत्येक साडेपाच किलोचा. उचलायचे, फडक्याने बाहेरून पुसायचे, तोलायचे, वहीत लिहायचे, जागेवर ठेवायचे. मुलीची बारावीची परीक्षा असो की स्वतःला ताप असो, नऊ वर्षांत तिचे चुकलेले दिवस एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते.

पहिल्या दोन वर्षांच्या आकड्यांवर थोरल्या साहेबांनी अहवाल लिहिला. पाणी फार उडत नाही, बारा दिवसांनी पाण्याची पाळी दिली तरी चालेल, अशी घडीपत्रिका छापून गावोगाव वाटली गेली. साहेबांना शाबासकी मिळाली, काटेबाईला प्रशस्तिपत्र मिळालं. नवऱ्याने ते चौकट करून भिंतीवर लावलं आणि आल्यागेल्याला दाखवलं. पुढे साहेब निवृत्त झाले. तोलायचं थांबवा असं कोणी सांगितलं नाही, म्हणून ती तोलत राहिली.

दहाव्या वर्षी नवी मॅडम आली. वयाने काटेबाईच्या निम्मी, शिक्षणाने दहापट, आणि कामाला वाघ. हवा, ऊन, वारा यांवरून पाणी किती उडेल हे संगणकावर काढायची तिची पद्धत होती. तिने काटेबाईच्या वह्या मागवल्या, आठवडाभर वाचल्या आणि तिला खोलीत बोलावलं.

"काटेबाई, बसा. पाणी दिल्यावर पहिले दोन दिवस तुमचा आकडा आणि माझा आकडा अगदी जुळतो. पण तिसऱ्या दिवसापासून तुमचा खाली जातो."

"माती वरून सुकली की पाणी कमीच उडतं, मॅडम."

"ते मान्य. पण एक प्रश्न आहे. डब्याला खालून बूच असतं ना? शेतातल्या मातीला खालून ओल मिळत राहते, डब्यातल्या मातीला मिळत नाही. तोच डबा आठ दिवस ठेवला तर तो शेतापेक्षा लवकर सुकणार आणि आकडा खोटा येणार." ती थोडी अडखळली. "मला वाटतं, नऊ वर्षांच्या या नोंदी वापरता येणार नाहीत. तुमची मेहनत मी कमी लेखत नाही."

काटेबाईने क्षणभर स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "डबे मी दर दोन दिवसांनी बदलते," ती म्हणाली. "नवी माती भरून."

"हे कुठे लिहिलंय?"

"आकड्याशेजारी टिंब आहे बघा. टिंब म्हणजे त्या दिवशी ताजी माती."

मॅडमने वही उघडली. टिंबं तिने पाहिली होती, पण पेन टेकल्याच्या खुणा असाव्यात असं तिला वाटलं होतं. आता ती पानामागून पान उलटत गेली. दर दोन दिवसांनी टिंब, सोळाच्या सोळा डब्यांपुढे. म्हणजे दर दोन दिवसांनी सोळा ठिकाणी लाकडी हातोड्याने ठोकणं, खणणं, उपसणं. कोणी सांगितलेलं नसताना.

"कधी सुचलं तुम्हाला?"

"एकदा उन्हाळ्यात जुना डबा रिकामा करताना तळाची माती हातात भुगा झाली. खड्ड्यात बोट घातलं तर तिथे, तेवढ्याच खोलीवर, ओल होती. म्हटलं, हा डबा आता शेताबद्दल बोलत नाही, स्वतःबद्दलच बोलतोय."

मॅडम हसली. मग ती पुन्हा वह्यांकडे वळली आणि पहिल्या दोन वह्या तिने वेगळ्या काढल्या. काटेबाईला कळलं, आता काय विचारणार ते. तिने विचारायची वाट पाहिली नाही.

"त्या दोन वर्षांत टिंबं नाहीत. तेव्हा मला हे कळलं नव्हतं. ते आकडे कमी आलेत. घडीपत्रिका त्यावरच छापली."

मॅडमने हलकेच विचारलं, "मग नंतर कोणाला सांगितलं का नाही?"

"साहेब निवृत्त झाले होते. नंतरच्यांनी वही कधी मागितली नाही. मी मनाशी म्हटलं, आपण तोलणारे, लिहिणारे वेगळे. पण ती पळवाट होती. सांगायला हवं होतं."

त्या संध्याकाळी घरी नवऱ्याने काय झालं ते काढून घेतलं आणि भिंतीवरच्या चौकटीकडे बघत म्हणाला, "अगं, तू आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन आलीस की. तिने विचारलं होतं का?"

"आज ना उद्या विचारलं असतं."

"मग उद्या सांगायचं होतंस."

"अहो, बारा दिवसांनी पाणी देतायत लोक. त्यांचं पीक दहाव्या दिवशीच मान टाकत असेल."

जेवण झाल्यावर त्याने आपणहून भांडी घासायला घेतली, म्हणजे त्याला पटलं होतं.

तरी मॅडमने कोणाचाच शब्द प्रमाण मानला नाही, आणि काटेबाईला तेच आवडलं. दोघींनी शेताला पाणी देऊन आठ डबे न बदलता ठेवले आणि आठ दर दोन दिवसांनी बदलले. मॅडम स्वतः गुडघ्यावर बसून खणायला लागली. पहिल्याच दिवशी तिच्या हाताला फोड आले आणि तिने काटेबाईच्या तळव्यांकडे नीट पाहिलं. पहिले दोन दिवस सगळे डबे एकसारखे घटले. पाचव्या दिवशी जुने डबे एकोणीस ग्रॅम घटले, ताजे तीस. आठव्या दिवशी फरक आणखी रुंदावला. पण मॅडमच्या संगणकाचा आकडा ताज्या डब्यांच्याही बराच वर होता. मॅडमने तो तीनदा तपासला आणि शेवटी म्हणाली, "चूक माझ्याकडेही आहे. मी माती सगळे दिवस ओली धरली होती."

पाळी दहा दिवसांवर आणायला हवी, हे उघड झालं. मॅडम वरच्या कार्यालयाला कळवणारच होती. काटेबाईने एक दिवसाची मुदत मागितली. "आधी साहेबांना मी सांगते. त्यांनी ते कागदावर वाचू नये."

थोरले साहेब दुसऱ्या मजल्यावर राहत होते. गच्चीवर जागा नसल्यामुळे त्यांनी बाल्कनीत कुंड्या भरून ठेवल्या होत्या. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. साहेबांच्या हातातली कात्री थांबली.

"म्हणजे माझा अहवाल चुकला."

"माझे आकडे चुकले, साहेब."

"आकडे तुमचे, पण डबे किती दिवस ठेवायचे हे मी ठरवलं होतं." त्यांनी कात्री कुंडीतल्या मातीत खोचली. त्यांना लागलं होतं, ते दिसत होतं. "सात वर्षं तुम्हाला माहीत होतं, काटेबाई?"

"हो."

"आणि मला सांगायला आज आलात."

साहेब आत गेले. ती निघायच्या बेतात होती, तेवढ्यात ते चष्मा लावून, कागद घेऊन बाहेर आले. "त्या मुलीला सांगा, दुरुस्तीचं पत्र मी लिहितो. माझ्या नावाचा अहवाल मीच दुरुस्त केलेला बरा. आणि टिंबांचं नीट सांगा, मला ते त्यात घालायचंय."

पत्र गेलं. नवी घडीपत्रिका निघाली, दहा दिवसांची. शेतकऱ्यांच्या बैठकीत एक म्हातारा शेतकरी मॅडमला म्हणाला, "आम्ही दहाव्या दिवशीच देत होतो. तुमचा कागद कोण वाचतोय." सगळे हसले, काटेबाईही हसली, आणि तिच्या छातीवरचं ओझं बऱ्यापैकी उतरलं.

मॅडमचा नवा अहवाल छापून आला तेव्हा लिहिणाऱ्यांत दुसरं नाव काटेबाईचं होतं, खरं, पूर्ण नाव. केंद्रावरच्या निम्म्या लोकांना कळेचना, ही बाई कोण. मॅडमने वरच्यांशी त्यासाठी दोन महिने वाद घातला होता, हे तिने काटेबाईला कधी सांगितलं नाही. नवऱ्याला ते कारकुनाकडून कळलं.

आता इतर केंद्रांवरची माणसं डबे भरायला शिकायला तिच्याकडे येतात. ती त्यांना आधी सकाळभर नुसतं खणायला लावते. पदवीधर कुरकुरतात. यंदा ती आणि मॅडम पिकाच्या सावलीतलं आणि उघड्या ओळीतलं पाणी वेगवेगळं तोलतायत. डबे आता चोवीस झालेत, आणि तिची पाठ दुखते, म्हणून नवऱ्याने पंपाच्या जुन्या चाकांचा एक गाडा करून दिलाय. गाडा वळणावर करकरतो. तेल घालतो असं नवरा म्हणाला त्याला तीन आठवडे झाले, अजून घातलेलं नाही.