मैदानाकाठची खुर्ची

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नागपूरकराइतकी माणसं जमवलेला आणि तरीही इतका एकटा प्राणी उभ्या आयर्लंडात दुसरा नसेल. दिवसा तो ऑफिसात कोड लिहायचा आणि उरलेल्या वेळात एका निवृत्त जपानी फुटबॉलपटूचं पेज चालवायचा. हे गृहस्थ आधी खेळाडू, मग मॅनेजर, आणि मैदान सोडल्यापासून कुणाच्या दृष्टीस पडलेले नाहीत. गोल झाला तरी भर पावसात मख्ख उभे राहिलेले त्यांचे जुने फोटो हा रोज टाकायचा आणि जगभरातले हजारो लोक त्यावर जीव ओवाळून टाकायचे. "पण तुला फुटबॉल कुठे कळतो?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "फुटबॉलचं सोडा वहिनी, त्यांचं उभं राहणं बघा."

पुढे पुढे तो स्वतःच तसा उभा राहू लागला. ॲडम्सटाउन स्टेशनच्या फलाटावर हात मागे बांधून, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून. काहीही विचारा, उत्तर एकच, इथल्या लोकांसारखं "ग्रँड", म्हणजे सगळं ठीक. शेजारच्या आयरिश आजींनी मला हळूच विचारलं, "इज युअर मॅन ऑलराइट, लव्ह?" 'युअर मॅन' म्हणजे इकडे 'तो गडी', नवरा नव्हे. एकदा तर गाडीत एका अनोळखी जपानी बाईने त्याच्यापुढे कमरेत वाकून नमस्कार केला. यानेही तितक्याच गंभीरपणे केला. मला आधी हसू आलं आणि मग अंगावर काटा, कारण त्या बाईचे डोळे भरून आले होते.

घोटाळा सगळा मराठीचा होता. पोस्ट हा मराठीत लिहायचा, भाषांतर यंत्र करायचं. शेवटी निरोप घ्यायचा तो आपल्या रीतीने, "येतो." जपानात ते पोचायचं, "मी येत आहे." लोकांना वाटलं, साहेब स्वतःच लिहिताहेत आणि परत येणार आहेत. कुठल्याशा गावातली एक म्हातारी रोज सकाळी ओसाड मैदानाच्या कडेला खुर्ची मांडून तिचा फोटो पाठवू लागली. खाली एकच ओळ, "वाट पाहते आहे." एका रविवारी दुपारी आम्ही ते सगळे फोटो ओळीने पाहिले. खुर्ची रोज थोडी थोडी कॅमेऱ्याकडे वळत होती. शेवटच्या फोटोत ती सरळ आमच्याकडे तोंड करून होती आणि तिच्या पाठीला अगदी याच्यासारखाच कोट अडकवलेला होता. मी फोन पालथा ठेवला.

"'जातो' लिहून टाक," मी म्हटलं. "थंडीत बसते रे ती म्हातारी."

"'जातो' कसं लिहू, वहिनी? आई कधी म्हणू द्यायची नाही." आई जाऊन वर्ष होत आलं होतं. मग अगदी हळू म्हणाला, "आणि माझी वाट बघणारं आता दुसरं आहे तरी कोण?"

मला फार वाईट वाटलं. चहा निवून गेला. शेवटी त्यानेच फोन उचलला आणि लिहिलं, मी ते नाही, मी एक साधा माणूस आहे, जातो.

दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर आमच्याकडेच आला आणि फोन पुढे केला. फोटोत खुर्ची नव्हती. गवतात तिच्या पायांचे चार खड्डे तेवढे होते आणि खाली, "ठाऊक होतं मला. सावकाश जा, बाळा." यंत्राला 'बाळा' कुणी शिकवलं, देव जाणे. तो ते पुन्हा पुन्हा वाचत बसला.

त्या संध्याकाळी मी त्याला जेवूनच जा म्हटलं. जेवला, ताट घासून ठेवलं, आणि निघताना दारात घोटाळला. ओठ हलले, पण 'येतो' काही बाहेर पडेना.

मीच म्हटलं, "ये हं उद्या. वाट बघते."