दिवसांची अट काढलेली ओळ

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सर्व्हर सांभाळायचे. नोकरीच्या वर्षांत उपयोगी पडलेल्या कमांड मी एका साध्या फाईलमध्ये लिहून ठेवल्या होत्या. डिस्क कशानं भरली ते कसं शोधायचं, बंद पडलेली वेबसाइट कशी उठवायची, एका मशीनवरचा डेटा दुसऱ्यावर कसा उतरवायचा. प्रत्येक ओळीच्या शेपटाला मराठीत एक टीप. शेजारच्या कंपन्यांतले लोकही ती फाईल मागून न्यायचे आणि मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

एका सकाळी आमचे प्लांट मॅनेजर माझ्या खोलीत आले. एरवी ते जिना चढून वर कधी यायचे नाहीत. हातात वडापाव होता. तेलकट बोट माझ्या स्क्रीनवर टेकवून म्हणाले, "मॅडम, कॅमेऱ्यांची डिस्क भरलीय म्हणे. जुनं फुटेज उडवायची तुमची एक ओळ आहे ना, ती द्या. माझा माणूस चालवेल, तुम्ही कशाला त्रास घेता?"

"तीस दिवसांपेक्षा जुनंच उडतं त्यानं," मी म्हणाले.

"तेच तर पाहिजे."

मी ओळ पाठवली. डिस्कची काळजी यांना कधीपासून, असं मनातही आलं नाही. ते गेल्यावर मी स्क्रीनवरचा डाग पुसत बसले.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये कळलं की आदल्या दिवशी दुसऱ्या शिफ्टला पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवरच्या ऑपरेटरची तीन बोटं गेली. त्यानं स्वतःच्या चुकीनं हात घातला, असं वरून सांगितलं जात होतं. मी ताट तसंच टाकून वर पळाले.

फुटेजचा फोल्डर रिकामा होता. तीसच काय, एकाही दिवसाचं काही उरलं नव्हतं. त्या सर्व्हरनं चाललेल्या कमांडची नोंद ठेवलेली होती. ओळ माझीच, फक्त दिवसांची अट काढलेली. आणि शेवटी माझी टीपही जशीच्या तशी चिकटवलेली, 'दोनदा वाचून मगच चालवणे.'

मी तडक मॅनेजरकडे गेले. "सर, कालचंही गेलंय."

"अरेरे," ते म्हणाले. "आम्हाला त्यातलं काय कळतंय? ओळ तर तुमचीच होती." आणि हसले. दातात कोथिंबीर अडकलेली होती. इतकी शिसारी मला कुणाच्या हसण्याची आली नव्हती.

संध्याकाळी ऑपरेटरला बघायला पिंपरीच्या दवाखान्यात गेले. लातूरकडचा माणूस, तिशीतला. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. म्हणाला, "ताई, हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर असतोय बघा. त्याला चिकटपट्टी लावलती, मशीन थांबू नये म्हणून. काढा म्हणलो, तर म्हणाले टार्गेट होऊ दे."

"आता म्हणायलेत ह्यांनीच झोपेत हात घातला," त्याची बायको म्हणाली.

त्या ओळीबद्दल बोलायचं धाडस मला झालं नाही. मॅनेजरचं राहू द्या, त्या वेळी मला स्वतःचीच किळस आली.

परतताना बसमध्ये आठवलं, पूर्वी एकदा डिस्क उडाल्यावर मी स्टोअरमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर फुटेजची नक्कल जाईल अशी सोय केली होती. प्रत्येक शिफ्ट संपली की नक्कल व्हायची, आणि इकडे पुसलं तरी तिकडचं पुसलं जायचं नाही. ही सोय कुणाला सांगायची वेळच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन पाहिलं. फुटेज होतं. शिफ्टच्या सुरुवातीला सुपरवायझर पट्टी लावतोय आणि मॅनेजर शेजारी उभे आहेत. पुढचंही मी पाहिलं, पाहावंच लागलं. ऑपरेटर जमिनीवर विव्हळत असताना मॅनेजर धावत आले. त्याला ओलांडून ते मशीनपाशी गेले, पट्टी उपटली, चुरगळून खिशात टाकली. मग माणसाला उचला म्हणाले.

मी दोन पेनड्राइव्ह भरले. एक कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसात दिला, दुसरा दवाखान्यात ऑपरेटरच्या बायकोला. तिला सगळं सांगितलं, ओळ मीच दिली होती हेसुद्धा. तिनं पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधला. "इचारलं बी नाही तुमी, कशाला पाहिजे म्हणून?" एवढंच म्हणाली. मी त्या मॅनेजरकडे जसं बघितलं होतं, तसंच ती माझ्याकडे बघत होती. तिचं काही चुकलं नव्हतं.

चौकशी झाली. चूक ऑपरेटरची नाही, असं लेखी आलं. सुपरवायझरला काढलं. माझ्याकडून महिन्याभरात राजीनामा लिहून घेतला. मॅनेजर स्वतःहून सोडून गेले आणि दुसऱ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर लागले. परवा इंटरनेटवर त्यांचा फोटो पाहिला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात माइक, मागे फलक, 'सुरक्षितता प्रथम'. खाली शे-दोनशे लोकांनी अभिनंदन केलेलं.

ऑपरेटर आता राजगुरुनगरजवळच्या एका गोदामाच्या गेटवर बसतो. येणाऱ्या गाड्यांचे नंबर डाव्या हातानं लिहितो. अक्षर अजून वळत नाही म्हणतात.