कुंकवाच्या खुणा

बाबांची जुनी मोटारसायकल मी अंगणात खोलली होती. कार्बोरेटरच्या तिन्ही व्हॅक्यूम नळ्या काळ्या आणि अगदी सारख्या, म्हणून काढतानाच नळ्यांवर आणि त्यांच्या जागांवर कुंकवाचे ठिपके दिले: एक, दोन, तीन. रंग शोधत कोण बसणार! नई सडकेवरच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून वायसर घेऊन आलो, तर आईने दसऱ्याची पूजा उरकलेली. प्रत्येक नळीला, प्रत्येक भोकाला ठसठशीत हळदीकुंकू. माझे ठिपके त्यात गडप. पहिली कुठली, तिसरी कुठली, काही कळेना. अदलाबदल करून पाहिली, गाडी नुसती खोकायची. माझं डोकं फिरलं.

"आई, हे काय करून ठेवलंस!"

ती तबक घेऊन धावतच आली, नळ्या निरखून पाहिल्या.

"का रे, एखादी राहिली का?"