पन्नासपैकी अकरा

सन चौऱ्याहत्तर, मे महिन्यातला शेवटचा शनिवार. ऑफिसात हजर दोघेच: मी आणि आमचा ट्रेसर. त्याला वास्तुशास्त्राच्या पदविकेची प्रवेश परीक्षा द्यायची होती. सरावाला मी काढलेल्या गणिताच्या पेपरात त्याला पन्नासपैकी अकरा गुण पडले. दोनदा तपासले, अकराच.

सदर भागातल्या त्या आर्किटेक्टच्या ऑफिसात मी हिशेब लिही, तो साहेबांचे नकाशे ट्रेसिंग कापडावर उतरवी. कुहीकडचा, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. रेष चुकली तर अर्ध्या ब्लेडने अशी खरवडायचा की खूणही उरत नसे. गणिताचं नाव काढलं की म्हणायचा, "आकडे मले पाहून पयतात, भाऊ."

एकदा जिन्याच्या तेरा पायऱ्या समान पाडायच्या होत्या. मी उंचीला तेराने भागायला बसलो. माझा भागाकार संपायच्या आत त्याने शून्य खालच्या रेषेवर आणि तेरा वरच्या रेषेवर येईल अशी पट्टी तिरपी ठेवून तेरा खुणा केल्या आणि रेषाही ओढल्या.

"अरे लेका, हेच गणित!"

"हे कायचं गणित गा? पट्टी तं तिरपी ठेवली."

डबा आम्ही माझ्या टेबलावर एकत्र खात असू. त्या शनिवारी त्याने तो उघडलाच नाही.

"खरं सांगा भाऊ, बसू का परीक्षेले? नाही तं जिंदगीभर दुसऱ्याच्याच रेषा गिरवीन."

मी खरं ते सांगितलं. "पास व्हायला अठरा लागतात. यंदा नको."

त्याने कोरा फॉर्म घडी करून खिशात ठेवला.

फॉर्मबरोबर आलेलं माहितीपत्रक माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होतं. ते मी जुलैत उघडलं, मुदत संपल्यावर. गणितात वेगळं पास होण्याची अटच नव्हती. चित्रकला आणि गणित यांचे गुण एकत्र धरत. मॅट्रिकचा नियम मी न वाचताच इथे लावला होता.

त्याला सांगितलं. तो रेष खरवडत होता. हात थांबला नाही.

"जाऊ द्या भाऊ. मलेबी भेवच वाटत होतं. तुमी नाही म्हटलं, तं सुटल्यासारखं झालं."

"पुढच्या वर्षी बस."

"पाहू."

दुसऱ्या दिवसापासून तो आपल्याच टेबलावर जेवू लागला. भांडण नाही, अबोला नाही. विचारलं तर म्हणे, "काम करून राहिलो, भाऊ." दिवाळीनंतर खापरखेड्याला वीजकेंद्रावर ट्रेसर म्हणून लागला आणि गेला.

आमच्या दोन टेबलांत आठ फुटांचं अंतर होतं. ते चार महिने मी रोज एकटा जेवलो. एकदाही डबा उचलून तिकडे गेलो नाही.