परतूरहून वडीगोद्रीला, पाठीवर बेस गिटार

गुरुवारी सकाळी मी गिटारची पिशवी पाठीवर अडकवली तेव्हा बायको उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "बारमध्ये चाललात, त्रेसष्टाव्या वर्षी."

"प्यायला न्हाई, वाजवायला चाललो."

"लोक काय तुमच्या पिशवीत डोकावून बघणारेत का?"

मी हसलो, पण बँडात शिरायच्या परीक्षेत आधी दोनदा नापास झालेलो होतो. एकदा शहरातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी माझं वय बघूनच चहा पाजून परत पाठवलं, दुसऱ्यांदा एकच गाणं ऐकून. त्यामुळे बायकोला शब्द दिला होता की ही जालन्याच्या बँडची खेप तिसरी आणि शेवटची. याही वेळी जमलं नाही, तर गिटार विकून टाकायची. मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, एक ओळखीचा व्यापारी पोरीसाठी मागत होताच. मी परतूरचा शिंपी. आमचे आजोबा मेंढरं हाकायचे, वडलांनी सुई धरली, मी मशीन. गिटार शिकवायला कुणी नव्हतं. एक बँड मोडला तेव्हा त्यांच्याकडून जुनी घेतली आणि फोनवर बघून बघून शिकलो. नऊ वर्षं झाली. दर मंगळवारी आमच्या भजनी मंडळात वाजवतो. बुवांना आधी पटलं नव्हतं, आता नसली तर विचारतात.

परतूरहून जालन्याला जायचं तर माझं ऐका, रेल्वेच बरी. तासाभरात पोचता, तिकीट एसटीपेक्षा स्वस्त, आणि सकाळी खिडकीची जागाही मिळते. पिशवी मात्र वरच्या फळीवर मावत नाही, दोन गुडघ्यांत धरून बसावं लागतं. समोर कापसाच्या गाठींच्या धंद्यातले एक गृहस्थ होते. सेलूपासून बसून आल्ते.

"काका, सतार का?"

"बेस गिटार."

"वाजवा की मंग, टाइमपास होईल."

"वीज लागते हिला. बिगर विजेची मुकी असते. आणि वीज दिली तरी लोकांना वेगळी ऐकू येत न्हाई."

"मंग फायदा काय हो?"

त्यांच्या अंगावर कोट होता, म्हणून बरं झालं. म्हटलं, "तुमच्या कोटाला आतून अस्तर हाये. दिसतं का? काढून बघा, कोट खांद्यावरून लटकतो कसा." गृहस्थांनी खरंच कोटाची बाही उलटी करून बघितली. जालना येईपर्यंत मग आम्ही अस्तरावरच बोलत होतो.

जुन्या जालन्यात गल्ल्या अशा की ऑटोवाला अर्ध्यात सोडतो, पुढं धान्याच्या पोत्यांना वळसा घालत चालायचं. भूक लागली असेल तर गल्लीच्या तोंडाशी पोहे-चहा मिळतो, तीस रुपयांत पोट भरतं. तिथंच एका कापडाच्या घाऊक दुकानाच्या वर इम्रानभाईंची खोली. काठ्यांनी विजेचं पॅड वाजवणारे तेच आणि बँडचे मालकही तेच. वय चाळिशीचं, आवाज पोलिसाचा. गाणाऱ्या सुनंदाताई कोपऱ्यात बसून गरम पाणी पीत होत्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीला गादी उभी केलेली, त्यामुळे खोलीत असा उकाडा की पंखासुद्धा दमलेला वाटला.

"अभी तक हमारा बेस कीबोर्डवाला डाव्या हातानं ओढतो," इम्रानभाई म्हणाले. "काम चालतं. पण चालणं वेगळं आणि बसणं वेगळं. बजाओ चाचा."

जुनं हिंदी गाणं घेतलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, मला वाटलं गिटार आज आपल्यावर खूश आहे. शेवटच्या कडव्यात इम्रानभाईंनी काठ्या वर धरल्या.

"चाचा, गाडी पकडायची हाये का?"

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. सुनंदाताई खोकत म्हणाल्या, "काका, मी दम कुठं घेऊ ते तरी सांगा!"

"वाजवता कुठं तुम्ही?" इम्रानभाईंनी विचारलं.

"भजनात. मंगळवारी."

त्यांनी कपाळावर हात मारला आणि मोठ्यानं हसले. "तरीच! भजनात गजर आला की लय चढते, सगळं मंडळ एकदम पळत सुटतं. बराबर? पण बारमध्ये लोक नाचून राह्यले, जेवून राह्यले. तुम्ही पळाला तर त्यांचे पाय अडकतील. ये आदत जायेगी?"

मी छातीठोक म्हणालो, "जाईल." कशी जाईल हे मला ठाऊक नव्हतं.

"रविवारी दुपारी वडीगोद्रीला प्रोग्राम हाये. पाच गाणी तुमची. चढलात, तर कीबोर्डवाल्याचा डावा हात हायेच आपला."

म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. संध्याकाळच्या गाडीनं घरी आलो.

शुक्रवारी फोनमध्ये टकटक लावून सराव केला. फोन टकटक करायचा, शेवट जवळ आला की मी त्याला मागं टाकून पुढं. जेवायला बसलो तेव्हा बायको म्हणाली, "शर्ट शिवताना कधी अशी घाई होत न्हाई तुमची. पहिल्या शिलाईला जो आवाज, तोच शेवटच्या. मी आत भाकऱ्या थापते त्या त्याच आवाजावर."

हातातला घास हातातच राहिला. बाकीच्या शिंप्यांनी मोटारी बसवल्या, माझं मशीन अजून पायाचं आहे. मशीनचा पट्टा काढून ठेवला, स्टुलावर बसलो, गिटार मांडीवर घेतली आणि पायडल हलवायला लागलो. टाच, चवडा, टाच, चवडा. चाळीस वर्षं पायडल मारलेले पाय! त्यांना गजरबिजर काही माहीत नाही. शनिवारी दिवसभर ते रिकामं चाक फिरत राहिलं आणि गिऱ्हाईकं दारातून विचारत राहिली, "टेलर, बरे हायात ना?"

रविवारी जालन्याहून पुढं इम्रानभाईंच्या व्हॅनमधून. तुम्ही जाणार असाल तर अंबडमार्गे वडीगोद्रीला एसटी मिळते, स्वतःची गाडी असेल तर दीड तास धरा. अंबडला देवीची टेकडी दिसली, तिथून पुढं मोसंबीच्या बागा लागल्या. रस्त्याकडेला गाडा दिसला की थांबा, मोसंबीचा रस बर्फाशिवाय मागा. सुनंदाताईंनी तर गळ्यासाठी म्हणून दोन ग्लास घेतले आणि पैसे इम्रानभाईंकडून काढले.

हॉटेल हायवेलगतच. एका अंगाला फॅमिलीवाले, दुसऱ्या अंगाला पडद्यामागं पिणारे, मधे ओट्याएवढं स्टेज. आधी जेवून घेतलं: शेवभाजी, बाजरीची भाकरी, ठेचा. शेवभाजी तिखट आहे, कमी तिखट सांगितली तरी तिखटच येते. हॉटेलमालक माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून इम्रानभाईंच्या कानाला लागले. इम्रानभाई मोठ्यानंच म्हणाले, "पाच गाणी बघा, मंग बोला."

मी खुर्ची मागून घेतली. लोकांना वाटलं म्हाताऱ्याचे गुडघे दुखतात. मला हवे होते दोन्ही पाय जमिनीवर. पहिली चार गाणी शिलाईसारखी सरळ गेली. पाचवं उडत्या चालीचं. एक कुटुंब वाढदिवसाला आल्तं, आजीपासून नातवापर्यंत सगळे उठून नाचायला लागले, पडद्यामागचेही बाहेर आले आणि टाळ्या सुरू झाल्या. आता टाळ्या वाजवणारी माणसं कुठली? आमच्याच भागातली, भजनावर वाढलेली. शेवटचं कडवं आलं आणि टाळी चढायला लागली.

एकजण ओरडला, "ओ बाबा, चढवा की! झोपले का?"

आणि मंडळी, इम्रानभाईच चढले! त्या टाळ्यांनी त्यांच्या काठ्याही ओढून नेल्या. सुनंदाताईंनी घाबरून माझ्याकडे बघितलं. माझे हात तर कधीचे पळायला तयार होते, मंगळवार त्यांना बोलवत होता. मी डोळे खाली घातले. टाच, चवडा. टाच, चवडा. जमिनीवर पायडल नव्हतं, पण पायांना ते दिसत होतं. एक फेरा आमचं दोघांचं जमलं नाही, खडखड ऐकू आली. मग इम्रानभाईंनी मान वळवून माझ्या चपलांकडे बघितलं, ओठ दाबले आणि माझ्या लयीवर येऊन बसले. सुनंदाताईंनी दम घेतला. टाळ्याही हळूहळू खाली उतरल्या आणि त्या आजीबाई, ज्या आता बसणारच होत्या, आणखी एक फेरा नाचल्या.

स्टेजवरून उतरल्यावर इम्रानभाई वायर गुंडाळत होते. वर न बघता म्हणाले, "आज मैं भागा."

"भजनाला या एखाद्या मंगळवारी," मी म्हटलं. "तिथं चालतं."

ते हसले. "पुढच्या रविवारी काळी पँट घालून या चाचा. आपल्या बँडमध्ये सगळ्यांना काळी लागते."

घरी आलो तर बायकोनं गिटारकडं बघून घेतलं, माझ्या तोंडाकडं बघून घेतलं. म्हणाली, "मशीनला पट्टा चढवा आता. शाळेचे ड्रेस पडून हायेत."

मंगळवारी भजनात गजराला मी पोटभर पळालो. बुवा खूश.

व्यापाऱ्याला सांगितलं की पोरीला विकत देणार नाही, पण शिकायची असेल तर पाठवा. आणि काळं कापड आणलंय. सगळ्या गावाच्या पँटी शिवल्या, पण स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, म्हणून काल बायकोच्या हातात टेप दिला. तिनं कंबर मोजली, आकडा मोठ्यानं सांगितला, दोनदा सांगितला. मग गुडघ्याशी टेप धरून थांबली.

"इथं जरा ढिली ठेवा," म्हणाली. "पाय हलला पाहिजे."