बर्फातून वीज आणि हणमंतरावांना मेमो

चहा सांगितलाय ना? मग तो येईपर्यंत माझ्या शहाणपणाची गोष्ट ऐका. तुम्ही खुशाल हसा. मला आजकाल तिचं हसू येत नाही, एवढंच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो आणि एम.फिल. करत होतो. ते झालं तरच नोकरी कायम होणार होती. विषय काय, म्हणता? बर्फातून वीज किती जाते! आमची आई तर कपाळाला हात लावून म्हणाली, "एवढं शिकलास आन् बर्फच करत बसलास व्हय रं?"

विषय सोपा आहे हो. अगदी शुद्ध पाण्याचा बर्फ केला तर त्यातून वीज जवळजवळ जातच नाही. पण त्यात चिमूटभर मीठ पडलं, ॲसिडचा एखादा थेंब पडला, की वीज लागली वाहायला. किती भेसळीला मीटरचा काटा किती सरकतो, ते मला मोजायचं होतं. त्यासाठी आधी शुद्ध बर्फ पाहिजे. आणि नेमका तोच माझ्याकडे होईना! डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं, धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये गोठवायचं, मीटर लावायचा, की काटा टुणकन उडी मारायचा. सहा महिने हाच तमाशा.

आमचे लॅब अटेंडंट होते हणमंतराव. आटपाडीकडचे. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, हे वीस वर्षं आमची काचेची भांडी राखत होते. लॅब असिस्टंटची एक जागा निघाली होती आणि यादीत पहिलं नाव त्यांचंच होतं. एरवी अबोल माणूस, पण त्या जागेचा विषय निघाला की कानापर्यंत हसायचा.

हणमंतराव प्रत्येक भांडं डिस्टिल्ड वॉटरनं तीनदा खंगाळून उपडं घालायचे. मला कुठला धीर! ओलं भांडं दिसलं की मी खिशातला रुमाल काढून ते लख्ख पुसायचो. एकदा ते म्हणाले,

"आवं सर, पुसू नगासा. आपसूक वाळू द्या."

"फिजिक्स आता तुम्ही शिकवणार का मला?"

"न्हाई सर," म्हणाले आणि गेले.

सहाव्या महिन्यात माझं डोकं फिरलं. पाणी चांगलं, मीटर चांगला, फ्रीज चांगला, मी तर काय, सुवर्णपदकवाला! मग भेसळ येते कुठून? भांडी कोण धुतं? झालं! एवढा मोठा शोध मी खुर्चीत बसल्या बसल्या लावला.

"हणमंतराव, भांडी नीट धुता का?"

"धुतो की सर. तीन डाव."

"मग काटा का उडतो?"

"त्ये मला कसं कळायचं सर?"

मला ते उत्तर उद्धट वाटलं. आपली बाजू लंगडी असली की समोरच्याचं सगळंच उद्धट वाटतं. मी तिथल्या तिथे प्राचार्यांना लिहून दिलं: कामात हलगर्जीपणा, संशोधनाचं नुकसान. आमच्या प्राचार्यांना मेमो काढायला निमित्तच लागायचं. आठवड्यात हणमंतराव कॉलेजच्या सायकल स्टँडवर राखणीला गेले. यादीतून नाव उडालं. असिस्टंटच्या जागी दुसराच कोणी आला, त्याला बीकर आणि तांब्या यातला फरक कळत नव्हता.

मग भांडी मी स्वतः धुतली. स्वतः पुसली. मीटर लावला. आणि काय सांगू, काटा आणखी जोरात उडाला!

इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. मी थांबलो? छे! मला वाटलं, सगळ्या जगाचा बर्फ एकीकडे आणि माझा एकीकडे. हा शोध आहे शोध! झोपेतसुद्धा मला टाळ्या ऐकू यायला लागल्या. बर्फाचे तुकडे थर्मासमध्ये भरले आणि सांगलीची एस.टी. पकडली. माझ्या गाईड मॅडम सांगलीला असायच्या.

शेजारी एक रिटायर्ड सुभेदार बसले होते. मी थर्मास पोटाशी धरलेला पाहून त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "रगत हाय का? कुनाचं आपरेशन हाय?"

"बर्फ आहे. शुद्ध. ह्यातून वीज जाते."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि कऱ्हाडला जागा बदलली.

मॅडम फार बोलत नसत. माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान त्यांनी ऐकून घेतलं. मग एक तुकडा वितळवला आणि त्यात फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब टाकले. चुना किंवा सोडा असला की हे औषध गुलाबी होतं. पाणी गुलाबी झालं.

"हा तुमचा शुद्ध बर्फ?"

"मॅडम, आमचा अटेंडंट फार निष्काळजी..."

"हे भांडं त्यांनी धुतलं होतं?"

"नाही. त्यांना काढलं. हे मी धुतलं."

हे बोलताना माझा हात लागून औषधाची बाटली टेबलावर लवंडली. मी घाईघाईनं रुमाल काढून पुसायला गेलो. रुमालावर गुलाबी डाग उमटले, पाचही बोटांचे.

मॅडमनी रुमालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तंबाखू खाता?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? खायचो. बायकोला आणि प्राचार्यांना चोरून, स्टोअररूममध्ये. चुना लावून मळायचा, बार भरायचा आणि बोटं रुमालाला पुसायची. त्याच रुमालानं हणमंतरावांची तीनदा धुतलेली भांडी मी लख्ख करत होतो! जमीन दुभंगली असती तर मी थर्मासासकट आत गेलो असतो.

"चुनाच आहे ना, मग चुन्यावरच काम करा," मॅडम म्हणाल्या. "पण मोजून घाला."

परत आल्यावर सायकल स्टँडवर गेलो. हणमंतराव सायकली ओळीनं लावत होते. घडलं ते सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुम्हाला रुमालाचं माहीत होतं?"

"व्हय की."

"मग मेमो आला तेव्हा बोलला का नाहीत?"

"एक डाव बोललो हुतो की सर. तुमी म्हनलासा, शिकवू नगा. आन् मेमोवर तर कुनी काय इचारलंच न्हाई."

मी प्राचार्यांना खरं लिहून देणार होतो. अगदी त्याच दिवशी. मग म्हटलं, आत्ता कबूल केलं तर आपलंच कायम होणं लांबेल. कायम झालो की लिहू. चुन्यावर एम.फिल. झालं, कायमही झालो. मग म्हटलं, आता जुनं कशाला उकरायचं?

चार वर्षांनी हणमंतराव सायकल स्टँडवरूनच निवृत्त झाले. निरोप समारंभात बोलायला मलाच उभं केलं. "इतका स्वच्छ कामाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही," असं मी ठासून बोललो. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर हणमंतराव जवळ आले.

"झ्याक बोललासा सर. ह्येवढं कागदावर लिवून द्या की."

दिलं. तिथेच, टेबलावर वाकून, सहीनिशी. दोन मिनिटं लागली. चार वर्षांत मला तेवढा वेळ मिळाला नव्हता.